पेशीतील निरोपाची वाट

पाव फुगविणारे यीस्ट हा एका पेशीचा जीव. त्याच्या पेशींत दोन प्रकार असतात. एका प्रकारच्या पेशीने सोडलेले रसायन दुसरीच्या आवरणाला लागले, म्हणजे ती वाढ थांबवून मीलनाची तयारी करू लागते. आवरणावर आलेला हा निरोप प्रथिने हातोहात आत पोहोचवितात. स्टे-११ हे प्रथिन स्टे-७ ला चेतविते, स्टे-७ हे फस-३ ला. आणि अखेरीस केंद्रकातील स्टे-१२ आवश्यक ती जनुके चालू करते.

हा क्रम ठरविण्यास एकेक जनुक बिघडवून पाहण्यात संशोधकांची अनेक वर्षे गेली. पुढे २००० साली, यीस्टमधील कोणते प्रथिन कोणाला चिकटते याच्या ९५७ जोड्या एकाच पाहणीत हाती आल्या. परंतु जोड्यांची यादी म्हणजे मार्ग नव्हे. रेल्वेच्या नकाशावरून रूळ कळतात. गाडी कोणीकडे जाते हे कळत नाही.

ते शोधण्याचे काम संगणकाकडे आले. सर्वांत जवळची वाट निवडावी, तर फसगत होते; कारण काही जोड्या प्रयोगातील चुकीनेही यादीत शिरतात. म्हणून प्रत्येक जोडीला खात्रीचा अंक देऊन वाटेवरील अंकांचा गुणाकार करतात. शेकडा ९० खात्रीचे तीन दुवे मिळून सुमारे ७३ होतात. ५० खात्रीचे दोन दुवे मात्र २५ च. येथे लांबची वाटच अधिक भरवशाची! २००२ साली हार्वर्ड येथील जॉर्ज चर्च यांच्या गटाने आणखी एक कसोटी लावली: एका वाटेवरील प्रथिनांची जनुके बरोबरीने वाढतात-घटतात काय?

तरीही एक अडचण उरते. स्टे-५ हे प्रथिन स्टे-११, स्टे-७ व फस-३ या तिघांनाही धरून एकत्र ठेवते. नकाशात मात्र ती स्टे-७ ला वगळून जाणारी आडवाट दिसते. स्पर्श आणि निरोप यांतील हा भेद अखेर प्रयोगशाळेतच उलगडतो; कोणती वाट आधी तपासावी, एवढे संगणक सांगतो.

हा भेद केवळ यीस्टपुरता नाही. अशीच साखळी मानवी पेशीत आहे. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत तिच्यातील बी-राफ ही कडी बिघडलेली असते. ती कडी आणि तिच्या पुढची मेक ही कडी, अशा दोहोंना अडविणारी औषधे आज एकत्र देतात. कोणाच्या पुढे कोण, हे ठाऊक असल्यावाचून ती जोडी सुचली नसती.