पिठोरीचा प्रश्न आणि लेकरांच्या खांद्यावरचे ओझे

श्रावणातील सणांची माळ अमावास्येला पूर्ण होते. दिग्रसच्या पंचक्रोशीतील गावांत आणि तांड्यांत हा दिवस पोळ्याचा. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांना त्या दिवशी विश्रांती, झूल, पूजा आणि पुरणपोळीचा घास मिळतो. त्याच तिथीला घरातील माता आपल्या अपत्यांच्या आयुरारोग्यासाठी पिठोरीचे व्रत करते, आणि दुसऱ्या दिवशी बालगोपाळ लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा भरवितात. राबणारे जनावर आणि वाढणारे लेकरू यांचे कल्याण एकाच वेळी चिंतणारा असा योग आपल्या पंचांगात दुर्मीळच म्हणावा लागेल.

या योगाचे स्मरण विशेषेकरून कठीण वर्षांत व्हावे. यवतमाळ जिल्ह्याने अशी वर्षे पुष्कळ पाहिली आहेत. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीच्या मुलांसाठी त्या पुन्हा उघडल्या त्या १ डिसेंबर २०२१ रोजी. घरावर संकट आले की मोठी माणसे पीक, कर्ज, औषध यांचा विचार करतात आणि ‘लेकरांना काय कळते’ असे म्हणून मुलांना बाजूला ठेवतात. वस्तुतः लेकरांना फार लवकर कळते. जे कळत नाही, ते ती मनाने रचतात. आणि मनाने रचलेले भय हे प्रत्यक्ष संकटाहून मोठे असते.

खांदशेकणी : ओझे ओळखावे

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांना धुऊन त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि उद्या जेवायला येण्याचे आवतण देतात. ज्या जागी जू घासते, नेमक्या त्याच जागी मायेचा हात फिरतो. बैल बोलत नाही. परंतु धन्याला त्याचा खांदा पाहून भार कळतो.

लेकरूही पुष्कळदा बोलत नाही. त्याचे ओझे अन्य खुणांनी ओळखावे लागते. झोपेत दचकणे, अन्नावरची वासना उडणे, उगाच पोट किंवा डोके दुखणे, मोठ्या मुलाने पुन्हा अंथरूण ओले करणे, खेळकर मुलीने एकाएकी गप्प होणे, क्षुल्लक कारणाने संतापणे, ही त्या ओझ्याची चिन्हे होत. अशा मुलाला हट्टी किंवा नाटकी ठरवून रागावणे म्हणजे सोललेल्या खांद्यावर पुन्हा जू ठेवणे होय. आधी जवळ घ्यावे, कारण मागाहून विचारावे.

पिठोरी : विचारावे आणि ऐकावे

पिठोरीची कहाणी घरोघरी ठाऊक आहे. एका सुनेची मुले जन्मताच जात. तिला घराबाहेर घालविले. मृत बालक उराशी धरून ती रानात गेली. तेथे पूजेला आलेल्या योगिनींनी ‘अतिथी कोण?’ असे विचारताच तिने ‘मी आहे’ असे उत्तर दिले, आपले दुःख सांगितले आणि तिची सारी मुले तिला परत मिळाली. म्हणूनच आजही माता वाण हाती घेऊन, मागे न पाहता ‘अतिथी कोण?’ असे विचारते आणि पाठीशी उभे असलेले लेकरू ‘मी’ म्हणून ते स्वीकारते.

या कहाणीचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. जिला कोणी विचारले नव्हते, तिला प्रथमच कोणीतरी ‘तू कोण?’ असे विचारले. कठीण काळात घरातील प्रत्येक लेकराला हा प्रश्न नित्य विचारला गेला पाहिजे : आज तुझे मन कसे आहे, कशाची भीती वाटली? उत्तर येईपर्यंत थांबावे. लगेच उपदेश करू नये. काही घरांत हे वाण केवळ मुलग्यांना देण्याची रीत आहे. ज्या घरी लेक आहे, त्या घरी ‘मी’ हा शब्द तिच्याही मुखातून यावा, कारण भीती मुलगा-मुलगी पाहून येत नाही.

मुलाने विचारले तर सत्य सांगावे, मात्र त्याच्या वयाला पेलेल एवढेच. यंदा कापूस कमी झाला, म्हणून नवे कपडे होणार नाहीत, पण तुझे जेवण आणि शाळा यांची काळजी आम्ही घेऊ, एवढे सांगणे पुष्कळ झाले. घरातील कोणी गेले असेल, तर ‘गावाला गेले’ असे म्हणून मुलाला वाट पाहत ठेवू नये. लहान मुले अनेकदा घरच्या अनर्थाचा दोष स्वतःकडे घेतात. म्हणून ‘यात तुझा काही दोष नाही’ हे वाक्य त्यांना स्पष्ट शब्दांत आणि वारंवार ऐकू यावे. ‘देव कोपला’ असे भय तर कधीच घालू नये. देव हा लेकराचा आधार असावा.

तान्हा पोळा : हाती काही द्यावे

तान्हा पोळा नागपूरकर दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळात सुरू झाला, असे परंपरा सांगते. मोठ्यांच्या सणात मुलांना निव्वळ प्रेक्षक न ठेवता त्यांच्या हाती स्वतःचा बैल दिला, हे त्यातील शहाणपण. २०२० साली जेथे सामुदायिक पोळा भरू शकला नाही, तेथेही अंगणात मातीचा वा लाकडी बैल पूजता येत होता. आणि बाहेरचे सारे थांबले असताना घरातील सण चुकला नाही, हा दिलासा मुलांना मिळत होता.

मुलांच्या मनाला असा नेम लागतो. ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी झोप, दिवेलागणीला सर्वांनी मिळून बसणे, आणि झाडाला पाणी घालणे, निरांजनाची वात वळणे असे एखादे लहान काम त्याच्या नावे असणे, या साध्या गोष्टींनी अस्थिर घरातही लेकराचे पाऊल स्थिर राहते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि प्रातःकाळी सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा नेम विदर्भातील गावोगावी रुजविला. घरीही पाच मिनिटे दिव्यासमोर बसून श्वास संथ आत येतो, संथ बाहेर जातो, एवढेच पाहावयास मुलांना शिकवावे. ध्यानाची सक्ती करू नये. आईवडील शांत बसलेले दिसले की मुले आपोआप बसतात. आणि याकरिता मातापित्यांनी स्वतःच्या मनाचीही हेळसांड करू नये, कारण घरचे पहिले हवामान त्यांच्याच चेहऱ्यावर असते.

एवढे करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल खात-झोपत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मरणाची भाषा त्याच्या मुखी आली, तर मात्र एक दिवसही थांबू नये आणि त्याला एकटे सोडू नये. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. वैद्याकडे जाण्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. कहाणीतील सुनेनेही आपले दुःख बोलून दाखविले, तेव्हाच तिला साहाय्य लाभले.

यंदाच्या अमावास्येला बैलांचे खांदे शेकून झाले, वाण मांडून झाले, की प्रत्येक मातेने नेहमीचा प्रश्न थोडा सावकाश विचारावा. ‘मी’ म्हणणारा आवाज खोल गेला आहे का, ते ऐकावे. तसा तो वाटला, तर वाण हाती देऊन लेकराला शेजारी बसवावे. स्वयंपाकघरातील कामे थोडा वेळ थांबू शकतात.