बाटलीतल्या फेसाचा हिशेब : घरी वाईन घालण्याआधी हे वाचा

येळ्ळूर : गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की फस्सकन आवाज येतो. बाटलीत कोंडलेला गॅसच ती गोटी तोंडाशी दाबून धरतो. मोबाईलवर सहज सापडणाऱ्या ‘एल्डरफ्लॉवर शॅम्पेन’च्या रेसिपीतही हाच गॅस असतो. फरक एवढाच, की सोड्यात तो मशीनने बेताने भरतात. घरच्या वाईनमध्ये तो आपोआप तयार होतो आणि किती झाला हे बाहेरून कळत नाही.

एल्डर हे युरोपातलं झाड. इंग्लंडमध्ये त्याची पांढरी फुलं साधारण साडेचार लिटर पाणी, 700 ग्रॅम साखर, लिंबू आणि थोडं व्हिनेगर यात एक-दोन दिवस भिजवतात, गाळतात आणि बाटल्यांत भरतात. फुलांवरचं नैसर्गिक यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बेकरीत पावाचं पीठ फुगतं ते याच यीस्टमुळे. पिठातला गॅस हवेत जातो, बूच मारलेल्या बाटलीतला कुठे जाणार?

आता हिशेब बघा. लिटरमागे 4 ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली, तर दाब साधारण 14-15 पौंडांनी वाढतो. कारच्या टायरमध्ये हवा असते 30 ते 35 पौंड. शॅम्पेनसाठी लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर मोजून घालतात. म्हणजे 85-90 पौंड दाब. म्हणून ती बाटली जाड काचेची आणि बूच तारेने बांधलेलं असतं. पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने 1980 च्या दशकात याच फ्रेंच पद्धतीने फेसाळ वाईन केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात पाठवली.

वरच्या घरगुती रेसिपीत मात्र लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर पडते. त्यातली निम्मी आधीच आंबून गेली असं धरलं, तरी उरलेल्या साखरेचा दाब कागदावर अडीचशे पौंडांच्या वर जातो. रिकाम्या बिअरच्या किंवा सरबताच्या बाटलीला तो झेपणारच नाही. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे यीस्टला आयतीच ऊब. बाटली फुटली तर काचेचे तुकडे गोळीसारखे उडतात. डोळा जाऊ शकतो.

एल्डर मिळत नाही म्हणून दुसरं कुठलंही फूल घालणं तर त्याहून वाईट. कण्हेर, धोत्रा ही दारातली, बांधावरची झाडं विषारी आहेत. खुद्द एल्डरची पानं, देठ आणि कच्ची फळंसुद्धा अपायकारक असतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. द्राक्ष, जांभूळ, करवंद काहीही घ्या, आंबवून अल्कोहोल तयार केलं की मद्यनिर्मितीचा कायदा लागू होतो. बेळगाव, खानापूर, निपाणीला कर्नाटक अबकारी कायदा, 1965. चंदगड, गडहिंग्लजला महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949. ‘विकत नाही, घरापुरती केली’ म्हटल्याने सुटका होत नाही, कारण परवाना तयार करण्यालाच लागतो. गोव्यातही काजूची हुर्राक आणि फेणी परवान्यावरच गाळतात. तिथून बाटल्या घेऊन सीमा ओलांडायची तर तिथले आणि इथले, दोन्हीकडचे नियम बघावे लागतात.

मग फेस हवाच असेल तर? सोपा उपाय आहे. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी आणि दोन इंच ठेचलेलं आलं उकळून गाळा. गार झाल्यावर दोन लिंबं पिळा. आल्याऐवजी कोकमाचा आगळही चालेल, मग लिंबू नको. हा पाक फ्रिजमध्ये ठेवा. ग्लासात एक भाग पाक आणि चार भाग थंड सोडा, तोही प्यायच्या वेळीच घाला. फेस तेवढाच येतो, अल्कोहोल नाही, बाटली फुटायची भीती नाही. पोरांनाही देता येतं.