नवा बाँड, जुने प्रेक्षक

१४ ऑक्टोबर २००५. लंडनमध्ये थेम्स नदीत नांगरलेल्या ‘एचएमएस प्रेसिडेंट’ या जहाजावर पत्रकारांची झुंबड उडाली होती. ब्रिटिश नौदलाची एक वेगवान बोट पाणी उडवत आली आणि गडद सूट घातलेला, सोनेरी केसांचा एक माणूस तिच्यातून उतरला. सुटावर त्याने लाइफ जॅकेट चढवलं होतं. हा डॅनियल क्रेग, वय ३७, इऑन प्रॉडक्शन्सच्या बाँडपटांमधला सहावा जेम्स बाँड.

बोटीत लाइफ जॅकेट घालणं ही साधी खबरदारी. पण टॅब्लॉइड वर्तमानपत्रांना तेवढंच निमित्त पुरलं. पडद्यावर पॅराशूटशिवाय विमानाबाहेर पडूनही वाचणारा हा माणूस आणि त्याला नदीत बुडायची भीती? मग एकेक खोट काढली जाऊ लागली. केस सोनेरी, उंची कमी, चेहरा रांगडा, कान मोठे. त्याला गिअरची गाडी नीट चालवता येत नाही, पहिल्याच मारामारीच्या दृश्यात त्याचे दात पडले, अशा बातम्या छापून आल्या. चित्रपटावर बहिष्कार घाला म्हणून मोहीम निघाली. चित्रपट पूर्ण झालेला नाही, एक चौकटही कुणी पाहिलेली नाही, आणि निकाल लागून गेलेला!

या विरोधाची टिंगल करणं सोपं आहे, पण मला ती करावीशी वाटत नाही. एखाद्या पात्रासाठी माणसं इतकी हमरीतुमरीवर येतात, याचा अर्थ ते पात्र त्यांच्या घरचं झालेलं असतं. प्रश्न एवढाच की हे प्रेक्षक नेमकं कोणाचं रक्षण करत होते?

इयान फ्लेमिंगने १९५३ मध्ये ‘कॅसिनो रोयाल’ या पहिल्या कादंबरीत उभा केलेला बाँड काळ्या केसांचा आहे. कपाळावर एक बट रुळते आहे, उजव्या गालावर जुन्या जखमेचा उभा व्रण आहे, डोळ्यांत थंड क्रौर्य आहे. क्रेगच्या सोनेरी केसांवर तुटून पडणाऱ्यांनी या वर्णनाचा आधार घेतला. पण गालावरच्या व्रणाचा आग्रह कुणी धरल्याचं आठवत नाही. पडद्यावरच्या एकाही बाँडच्या चेहऱ्यावर तो कायमचा दिसलेला नाही. रॉजर मूरचे केसही काही काळेभोर नव्हते, आणि त्याने सात चित्रपट केले. म्हणजे तुलना पुस्तकाशी नव्हतीच. ती होती प्रत्येकाच्या मनातल्या पहिल्या बाँडशी. ज्याने वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी जो बाँड पाहिला, तो त्याचा खरा. बाकीचे सगळे बदली कामगार.

आणि त्या पहिल्या ‘खऱ्या’ बाँडचं तरी काय? शॉन कॉनरी एडिनबरोच्या कामगार वस्तीतला. त्याने दुधाच्या गाडीवर काम केलेलं, शवपेट्यांना पॉलिश केलेलं, नौदलात राहून आलेला, शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरलेला. फ्लेमिंगच्या डोळ्यांपुढे उच्चभ्रू वळणाचा, महागड्या शाळेत शिकलेला इंग्रज होता, त्यामुळे ही निवड त्याला सुरुवातीला रुचली नव्हती. दिग्दर्शक टेरेन्स यंगने कॉनरीला हाताशी धरलं. आपल्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे नेलं, सूट शिवून घेतले. सुटात वावरताना अवघडलेपण राहू नये म्हणून त्याला सूट घालूनच झोपायला लावलं, असं सांगतात. ऑक्टोबर १९६२ मध्ये ‘डॉक्टर नो’ आला आणि फ्लेमिंगचं मतही पालटलं. १९६४ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या कादंबरीत त्याने बाँडचे वडील स्कॉटलंडचे असल्याचं लिहिलं. नटाला पडद्यावर न पाहता नापसंत करणाऱ्यांमध्ये पहिला नंबर खुद्द लेखकाचा होता, आणि मत बदलणाऱ्यांमध्येही.

मात्र नवा नट आला, आधी विरोध झाला, मग सगळे खूश झाले, इतकी ही गोष्ट सरळ नाही. जॉर्ज लेझनबीचं उदाहरण पाहा.

१९६७ मध्ये कॉनरीने बाँड सोडला तेव्हा निर्मात्यांपुढे पहिल्यांदाच हा पेच आला. लेझनबी ऑस्ट्रेलियाचा. आधी मोटारविक्रेता, मग मॉडेल. चॉकलेटच्या जाहिरातीमुळे ब्रिटनमध्ये चेहरा ओळखीचा, पण अभिनयाचा अनुभव शून्य. ही भूमिका मिळवायला तो कॉनरीच्या न्हाव्याकडून केस कापून घेऊन आणि कॉनरीच्याच शिंप्याकडचा सूट अंगावर चढवून गेला. चाचणीतल्या मारामारीत त्याचा ठोसा समोरच्याच्या नाकावर खरोखर बसला आणि तिथेच त्याची निवड पक्की झाली, असं म्हणतात. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ डिसेंबर १९६९ मध्ये आला.

त्या चित्रपटाने प्रेक्षकांना पटवायचा जो खटाटोप केला, तो आज पाहताना जीव कळवळतो. पहिल्याच मारामारीनंतर बाँड एकटा उरतो आणि ‘त्या दुसऱ्याच्या’ वाट्याला असं कधी आलं नव्हतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. नामावलीत मागच्या चित्रपटांतली दृश्यं सरकत राहतात. पुढे बाँड राजीनामा द्यायला निघतो, टेबलाचा खण उघडतो आणि एकेक वस्तू बाहेर काढतो: ‘डॉक्टर नो’मधल्या हनी रायडरचा सुरा, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधलं गळा आवळायची तार दडवलेलं घड्याळ, ‘थंडरबॉल’मधलं पाण्याखाली श्वास घ्यायचं छोटं यंत्र. प्रत्येक वस्तूबरोबर जुन्या चित्रपटाचं संगीत ऐकू येतं. दिग्दर्शक पीटर हंट आधीच्या बाँडपटांचा संकलक, त्यामुळे त्याचा हेतू कळतो. पण परिणाम उलटा होतो. लेझनबी ज्या ज्या वस्तूला हात लावतो, ती कॉनरीची आठवण करून देते.

चित्रपटाने पैसे मिळवले, पण ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’इतके नाही. लेझनबी एजंटच्या सल्ल्यावरून प्रदर्शनाआधीच बाजूला झाला होता. प्रीमियरला लांब केस आणि दाढी राखून हजर राहिला. १९७१ मध्ये ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’साठी कॉनरीला साडेबारा लाख डॉलर मोजून परत आणावं लागलं. (त्याने ती रक्कम स्कॉटलंडमधल्या तरुणांसाठी सुरू केलेल्या शैक्षणिक न्यासाला दिली, हे इथे नोंदवलंच पाहिजे.)

लेझनबीबद्दलचं मत मात्र त्यानंतर हळूहळू वळत गेलं. त्या चित्रपटाच्या शेवटी बाँडचं लग्न होतं आणि काही मिनिटांत त्याची बायको ट्रेसी गोळी लागून मरते. डायना रिगने ही ट्रेसी केली आहे. शेवटच्या दृश्यात लेझनबी तिला कुशीत घेऊन बसतो आणि हलक्या आवाजात समोरच्या पोलिसाला समजावतो की ती जरा विसावा घेते आहे. कॉनरीच्या बाँडला हे दृश्य पेललं असतं असं मला वाटत नाही. त्याचा बाँड इतका तुटू शकतच नाही. ख्रिस्तोफर नोलनसारखा दिग्दर्शक आज हाच आपला सर्वांत आवडता बाँडपट म्हणून सांगतो. लुई आर्मस्ट्राँगने त्यासाठी गायलेलं गाणं २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’च्या शेवटी पुन्हा वाजवलं गेलं.

टिमोथी डाल्टनचंही जवळपास असंच झालं. १९८७ आणि १९८९ च्या त्याच्या दोन चित्रपटांतला कडवट, चिडका बाँड मूरच्या मिश्कीलपणाला सरावलेल्यांना जड गेला; फ्लेमिंगचं पुस्तक जवळचं मानणारे वाचक आज त्याचंच नाव आधी घेतात. मूर स्वतः शेवटच्या बाँडपटात ५७ वर्षांचा होता आणि ते दिसत होतं, पण भारतात त्याच्याविषयी खास जिव्हाळा आहे, कारण १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’साठी तो उदयपूरला आला आणि कबीर बेदी व विजय अमृतराज त्याच्यासोबत पडद्यावर दिसले. पुण्यात अलका टॉकीजला आणि मुंबईत रीगल, स्टर्लिंगला इंग्रजी चित्रपट पाहिलेल्या पिढीशी बोललं की मूर निघतोच. त्यांना कॉनरी मोठा वाटतो, पण मूर आपला वाटतो.

आपल्याकडे नट बदलण्याची सवय रंगभूमीने लावली आहे. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ नाटकात डॉ. श्रीराम लागूंचा बेलवलकर पाहिलेल्यांना दत्ता भटांचा बेलवलकर पाहताना काय वाटलं असेल, यावर घराघरांत वाद झाले आहेत. पण नाटकात प्रयोग रोज नव्याने उभा राहतो, त्यामुळे दोघांनाही जागा असते. चित्रपटातला जुना नट कुठे जात नाही. तो टीव्हीवर दर रविवारी परत येतो, तितकाच तरुण. नव्या नटाची स्पर्धा त्याच्याशी असते.

म्हणूनच ‘कॅसिनो रोयाल’च्या निर्मात्यांनी २००५-०६ मध्ये काय केलं, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. पिअर्स ब्रॉस्ननचा ‘डाय अनदर डे’ २००२ मध्ये तुफान चालला होता, पण त्यातला बर्फाचा महाल आणि अदृश्य होणारी मोटार पाहून चाहत्यांनीही कपाळाला हात लावला होता. त्याच वर्षी ‘द बोर्न आयडेंटिटी’ आला आणि हेरपटातली मारामारी कशी अंगावर येऊ शकते ते दिसलं. पुढच्या चित्रपटासाठी फ्लेमिंगची पहिली कादंबरी हाताशी होती. तिचे हक्क वर्षानुवर्षं दुसऱ्यांकडे अडकले होते, ते १९९९ मध्ये मिळाले. बार्बरा ब्रोकली आणि मायकेल जी. विल्सन यांनी क्रेगला कुणाची नक्कल करायला लावलं नाही. बाँड अजून बाँड झालेलाच नाही, इथपासून कथा सुरू केली.

सुरुवात प्रागमध्ये, कृष्णधवल. एका प्रसाधनगृहात पहिला खून, आणि तो सफाईदार नाही. भांडी फुटतात, पाणी उडतं, माणूस मरायला वेळ लागतो. मग मादागास्करमधला पाठलाग. पुढे पळणारा आहे सेबास्तियाँ फूकाँ, भिंतींवरून उड्या मारत पळण्याच्या पार्कूर या कलेतला नावाजलेला माणूस. तो मांजराच्या चपळाईने क्रेनवर चढतो, एका अरुंद झरोक्यातून अलगद आरपार जातो. मागून येणारा क्रेग त्या झरोक्याकडे बघतही नाही, शेजारची प्लास्टरची भिंत अंगाने फोडून बाहेर पडतो. चेहऱ्यावर पांढरी धूळ, आणि पुन्हा धावायला सुरुवात. माझ्या मते विरोधकांना दिलेलं खरं उत्तर या काही सेकंदांत आहे. हा माणूस देखणेपणाने, ऐटीने काम करणार नाही. हा अंगाला लागेल ते सोसून करणार. रांगड्या चेहऱ्याची जी तक्रार होती, तीच पटकथेने त्याची ओळख केली. पुढे व्हेस्पर (इव्हा ग्रीन) कपड्यांसकट शॉवरखाली थरथरत बसलेली असते आणि तो काही न बोलता तिच्याशेजारी जाऊन भिजत बसतो, तेव्हा तोच रांगडेपणा हळवा होतो.

मार्टिनी कशी हवी, या ठरलेल्या प्रश्नाला तो उडवून लावतो. आणि ती सुप्रसिद्ध ओळख? नाव सांगायची ती ओळ चित्रपट संपताना, अगदी शेवटच्या क्षणी येते. अडीच तासांच्या आसपास प्रेक्षकांनी ज्याची वाट पाहिली, ते त्याने कमावल्यावरच त्याच्या तोंडी दिलं.

नोव्हेंबर २००६ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ६० कोटी डॉलर मिळवले, क्रेगला बाफ्टाचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन मिळालं आणि बहिष्काराची भाषा विरून गेली. २०१२ चा ‘स्कायफॉल’ शंभर कोटी डॉलरपलीकडे जाणारा पहिला बाँडपट ठरला. लेझनबी आणि क्रेग यांच्यातला फरक अभिनयाचा आहेच, पण केवळ तेवढा नाही. एकाला दुसऱ्याचा सूट घालून उभं केलं गेलं. दुसऱ्यासाठी सूट नव्याने बेतला गेला.

भारतातल्या प्रेक्षकांनी क्रेगच्या बाजूने एकदा जोरदार आवाज उठवला, तो वेगळ्याच कारणासाठी. २०१५ मध्ये ‘स्पेक्टर’मधली चुंबनदृश्यं सेन्सॉर बोर्डाने निम्म्यावर आणली, तेव्हा ‘संस्कारी’ बाँडवरून समाजमाध्यमांवर नुसता धुमाकूळ झाला. प्रौढ माणसांनी तिकीट काढून काय पाहायचं हे कुणीतरी कात्री घेऊन ठरवावं, याचा तो संताप रास्त होता. क्रेगचा निरोपाचा ‘नो टाइम टू डाय’ देशात ३० सप्टेंबर २०२१ ला लागला, तेव्हा महाराष्ट्रातली चित्रपटगृहं कोविडमुळे बंदच होती. इथल्या चाहत्यांना २२ ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं, आणि बाँडचं शेवटी काय होतं हे तोवर कानांवर पडू न देण्याची कसरत करावी लागली.

क्रेगच्या काळातच वादाचा केंद्रबिंदू बदलला होता. ब्रिटनमधले सट्टेवाले पुढच्या बाँडवर पैजा घेत राहिले. २०१४ मध्ये सोनी कंपनीचे ईमेल फोडले गेले, तेव्हा त्याच कंपनीच्या एमी पास्कल यांनी इद्रिस एल्बाचं नाव सुचवल्याचं बाहेर आलं आणि कृष्णवर्णीय बाँड चालेल का, यावर रण पेटलं. मला तो आक्षेप सोनेरी केसांच्या आक्षेपापेक्षा फार वेगळा वाटत नाही, फक्त जास्त कुरूप वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रोकली आणि विल्सन यांनी बाँडची सूत्रं ॲमेझॉन एमजीएमकडे सोपवली. नव्या निर्मात्यांमध्ये डेव्हिड हेमन यांच्याबरोबर त्याच एमी पास्कल आहेत. दिग्दर्शनाची जबाबदारी ‘ड्यून’ करणाऱ्या डेनी व्हिल्नव्हकडे गेली, लेखन ‘पीकी ब्लाइंडर्स’च्या स्टीव्हन नाइटकडे.

चाहत्यांच्या चर्चेत एक नाव मात्र वर्षानुवर्षं टिकून आहे. २००५ मध्ये ‘कॅसिनो रोयाल’साठी क्रेगबरोबर हेन्री कॅव्हिलचीही चाचणी झाली होती. चाचणी उत्तम होती, असं दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल यांनी नंतर सांगितलं, पण बाविशीतला तो मुलगा फार कोवळा दिसत होता. मे २०२५ मध्ये कॅव्हिलने बेचाळिशी गाठली. पुढची दहा-पंधरा वर्षं एकच नट लागणार म्हटल्यावर आता त्याचं वय जास्त झालं, असं म्हणणारे आहेत, आणि मूर पहिल्या बाँडपटाच्या वेळी पंचेचाळिशीचा होता हे त्यांना सुनावणारेही आहेत.