मंदीत कंपनी वाढते तेव्हा...

खिडकीची काच आणि कपडे धुण्याची पावडर, दोन्हींसाठी सोडा ॲश लागते. मुंबईत मुख्यालय असलेली टाटा केमिकल्स ही ती बनवणारी मोठी कंपनी. तिची सुरुवात १९३९ मध्ये गुजरातच्या मिठापूरला झाली.

२००६ पर्यंत तिने ब्रिटनची ब्रनर मॉन्ड विकत घेतली. २००८ च्या सुरुवातीला सुमारे १०० कोटी डॉलर मोजून अमेरिकेची जनरल केमिकल घेतली आणि त्याच वर्षी जगभर मंदी आली! घरं आणि गाड्यांची मागणी घटली, की काच कमी लागते. काच कमी लागली, की सोडाही कमी खपतो.

पण अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये ट्रोना हे खनिज जमिनीखालीच मिळतं. त्यापासून सोडा स्वस्तात तयार होतो. युरोपात मात्र तो मीठ आणि चुनखडीपासून बनवावा लागे, इंधनही भरपूर लागे. म्हणून कंपनीने स्वस्त खाण ठेवली आणि महाग कारखाने बंद केले : २००९ मध्ये नेदरलँड्सचा डेल्फझाइल, २०१४ मध्ये इंग्लंडचा विनिंग्टन. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रनर मॉन्डचं हे मूळ ठिकाण.

हिशेब बरोबर होता. पण कागदावर ज्याला ‘पुनर्रचना’ म्हणतात, त्याचा अर्थ विनिंग्टनच्या कामगारांसाठी नोकरी जाणं हाच होता. म्हणून कंपनी वाढल्याची बातमी वाचताना एक प्रश्न जरूर विचारा : कुठे वाढली, आणि कुठे कुलूप लागलं?