हवा सांगणारे शहर आणि त्याची स्वतःची हवा

ऑक्टोबरात मोसमी वारे पुण्याचा निरोप घेतात आणि पाठोपाठ दोन गोष्टी घडतात. आकाश निरभ्र होते आणि पावसाळ्यापुरती थांबलेली रस्त्यांची खोदाई पुन्हा सुरू होते. पहिली निसर्गाची करणी, दुसरी कारभाराची. या दोहोंचा योग दरवर्षी न चुकता जुळतो आणि त्याची किंमत पुणेकरांच्या फुप्फुसांना मोजावी लागते. हा केवळ दैवयोग आहे असे मानण्यास आम्ही तयार नाही.

पुण्याची हवा पूर्वापार नावाजलेली. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस, मुळा-मुठांच्या काठी हे शहर वसले आहे. वेताळ टेकडी, पर्वती, कात्रजचा डोंगर यांनी त्यास वाडग्याचा आकार दिला आहे. आषाढ-श्रावणात पश्चिमेचा वारा हे वाडगे विसळून काढतो आणि पाऊस धूळ खाली बसवितो. चैत्र-वैशाखात तापलेली जमीन दुपारी हवेला उंच उचलते. धूर आणि धूळ त्या उंचीत विरळ होतात. हिवाळ्यात मात्र हा क्रम उलटतो. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, टेकड्यांच्या उतारांवरील गार व जड हवा सखल भागात उतरून साचते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. सकाळी ऊन चढेपर्यंत शहराचा सारा धूर त्या झाकणाखाली कोंडलेला राहतो. पहाटे फिरावयास निघालेले वृद्ध ज्यास धुके समजून सुखावतात, त्यात धुराचा वाटा किती असतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जुलैत रस्त्यांवर जेवढी वाहने धावतात, जवळजवळ तेवढीच डिसेंबरातही धावतात. धूर फारसा वाढत नाही. तो सामावणारी जागा आक्रसते. म्हणून दोष हिवाळ्याचा नव्हे. हिवाळा केवळ आपले बाराही महिन्यांचे वर्तन उघडे पाडतो. आणि शहर तर वाढतच आहे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. वाडग्यात राहणारे वाढले, वाडगे तेवढेच राहिले.

सर्वांत मोठा विरोधाभास वेगळाच आहे. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून येथे आले. ते पुढे दिल्लीस गेले, तरी खात्याचे मोठे कार्य आजही येथूनच चालते. उष्णदेशीय हवामानाच्या संशोधनासाठी १९६२ साली स्थापन झालेली संस्थाही पाषाणला आहे. साऱ्या देशाला हवा सांगणारे हे शहर आपली स्वतःची कामे मात्र हवा न पाहता करते!

सूक्ष्म धूलिकणांची राष्ट्रीय मर्यादा २००९ साली ठरली : घनमीटर हवेत वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा ५ वर आणली. या दोन आकड्यांमधील अंतर एका वर्षात तुटेल, अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. परंतु ऋतूचे पंचांग पाहून काम करण्यास पैसा नव्हे, इच्छा लागते.

पावसात खोदाई शक्य नाही, मग ती हिवाळ्यात न करावी तर केव्हा, असा प्रश्न अधिकारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, मोठी खोदाई शक्यतो फेब्रुवारीनंतर करावी. धूळ तेव्हाही उडेल, परंतु कोंडणार नाही. हिवाळ्यात जे काम टळत नाही, तेथे चर त्याच आठवड्यात बुजवावा, माती ओली ठेवावी, राडारोड्याचे ट्रक झाकल्याखेरीज सोडू नयेत. झाडणकाम ऐन पहाटे, झाकण सर्वांत खाली असताना होते. डिसेंबर-जानेवारीत त्याची वेळ पुढे ढकलावी. ती धूळ प्रथम झाडणाऱ्या भगिनींच्या छातीत जाते, याचा विचार कोणी करावयाचा? टेकड्यांच्या उतारांवर बांधकामास वाव देऊन वाऱ्याच्या वाटा बुजवू नयेत.

नागरिकांनीही हात झटकू नयेत. आपल्या फाटकाशी रात्रपाळीचा पहारेकरी थंडीने कुडकुडत पालापाचोळा आणि प्लॅस्टिक जाळतो. त्यास दटावण्याआधी गृहसंस्थेने त्याला घोंगडी आणि निवारा दिला आहे काय?

टेकड्या आपण हलवू शकत नाही, थंडीही थोपवू शकत नाही. पण त्या केव्हा आणि कशा वागणार, हे आपणांस पक्के ठाऊक आहे. पाहुणा कोणत्या महिन्यात येणार हे माहीत असताना घर आवरून न ठेवणाऱ्यास गाफील म्हणतात. महापालिकेने हिवाळ्याचे वेळापत्रक गणेशोत्सवापूर्वी जाहीर करावे आणि ते पाळले जाते की नाही, हे पुणेकरांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.