प्लेगाचा जंतु आणि शरीराचा जागल्या

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगाचें निदान केलें. पुढल्याच वर्षीं, १० मार्च रोजीं, पुण्यास प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करितां करितां तोच रोग जडून सावित्रीबाई फुले निवर्तल्या. धडधाकट माणसें चार दिवसांत दगावत. शरीरास स्वतःचें संरक्षण असतां असें कां व्हावें?

आमच्या कळंबाकडे पूर्वीं गांवचा जागल्या प्रत्येक चोरास नांवानें ओळखीत नसे. अपरात्रीं हातांत पहार दिसली कीं त्याला पुरें. रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशींच्या आवरणावर असे जागले जन्मतःच असतात. त्यांना ग्राही म्हणतात. त्यांपैकीं एक ‘टोल-सदृश ग्राही ४’. ‘टोल’ हा जर्मन भाषेंतील आश्चर्योद्गार. फळमाशीच्या एका जनुकास तो चिकटला तो कायमचाच. नाक्यावरच्या टोलाशीं त्याचा संबंध नाहीं!

पुष्कळ जंतूंच्या कवचांत स्निग्ध शेपट्या असलेला एक शर्करायुक्त पदार्थ असतो. शेपट्या सहा असल्या तर पांच ग्राहीच्या साथीदार प्रथिनाच्या खोबणींत शिरतात आणि सहावी बाहेर राहून शेजारच्या ग्राहीस जोडते. जोडी जमली कीं पेशीच्या आंत एकामागून एक प्रथिनें जागीं होतात. शेवटीं केंद्रकाबाहेर डांबून ठेविलेलें एक प्रथिन सुटतें, आंत शिरतें व जनुकांना कामास लावितें. मग पेशी हांक देणारीं द्रव्यें सोडते, सूज येते, ताप चढतो. ताप हाच रोग असें आपण समजतों. बहुधा तो ह्या हांकेचा परिणाम असतो.

प्लेगाचा जंतु मोठा धूर्त. पिसवेच्या अंगांत, थंड असतां, तो सहा शेपट्यांचा पदार्थ बनवितो. माणसाच्या ३७ अंशांत शिरला कीं मुख्यत्वें चारच शेपट्यांचा! जोडणारी शेपटीच नाहीं, तेव्हां जागल्या स्वस्थ. २००६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दुसऱ्या जंतूचें जनुक घालून त्याला ३७ अंशांतही सहा शेपट्या राखावयास लाविलें. भारी मात्रा देऊनही उंदीर जगले. मात्र ज्यांच्यांत हा ग्राहीच नव्हता, ते मेले.

डॉ. हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस लस टोंचून घेतली, तेव्हां यांतलें कांहींच कोणास ठाऊक नव्हतें. आज प्लेगावर स्ट्रेप्टोमायसिन लागू पडतें. मात्र तें लवकर द्यावें लागतें, कारण जागल्याची हांक ऐकूं येईतों जंतु अतोनात वाढलेले असतात.