चिघळलेली जखम आणि प्रकाशाचे उपचार

पडेगावच्या माझ्या दवाखान्यात मधुमेहाचे एक काका आले होते. तळपायाची जखम तीन महिने भरत नव्हती. ‘लाईटने जखम बरी होते’ असे कुणीतरी सांगितले, म्हणून ते घरी शेकायच्या लाल दिव्यासमोर रोज पाय धरत. पायाला जाणीव नसल्याने चटका कळलाच नाही. जखमेशेजारी मोठे फोड आले.

त्यांनी ऐकलेला उपचार खरा आहे, पण तो शेक नव्हे. त्याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. जखमेवर मिथिलीन ब्लूसारखे रंगद्रव्य लावतात, ते जंतूंपर्यंत पोहोचायला थोडा वेळ देतात आणि मग ठराविक तरंगलांबीचा, बहुधा लाल, प्रकाश सोडतात. रंगद्रव्य तो प्रकाश शोषते आणि आजूबाजूच्या ऑक्सिजनपासून अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. जंतू मारतात ते हे रेणू, उष्णता नाही. ते जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात. त्यामुळे अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतूही मरू शकतात. ही कल्पना जुनी आहे: रंग आणि प्रकाश एकत्र आल्यावर सूक्ष्मजीव मरतात हे म्युनिकमध्ये ऑस्कर राब यांना दिसले होते आणि १९०० साली ते प्रसिद्ध झाले.

मग सगळ्यांनाच का देत नाहीत? प्रकाश त्वचेत काही मिलिमीटरच शिरतो. आत साठलेला पू किंवा हाडापर्यंत गेलेला संसर्ग त्याच्या टप्प्यात येत नाही. शिवाय जखमांवरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत, म्हणून हा अजून नेहमीचा उपचार झालेला नाही. मिळाला तरी तो जोडीचा उपचार. त्याच्या भरवशावर अँटिबायोटिक मनाने बंद करू नका.

मधुमेही पायाची जखम बहुतेक वेळा अडते ती दुसऱ्याच कारणांनी. साखर वाढलेली असते, रक्तपुरवठा कमी असतो, मेलेले मांस काढलेले नसते. आणि रुग्ण त्याच पायावर दिवसभर चालत असतो! माझ्या अनुभवात घरच्यांना पटवायला सर्वांत अवघड गोष्ट हीच.

त्या काकांचा दिवा बंद केला, फोडांचे ड्रेसिंग केले आणि त्यांना घाटीच्या सर्जरी ओपीडीत पाठवले.

जखमेभोवती लाली पसरत असेल, दुर्गंधी किंवा ताप असेल, बोट काळे पडत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.